शंभर टक्के पूर्ण, आणि हात डायमध्ये: हिंगणा एमआयडीसीतलं एक प्रकरण

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत पत्र्याची इलेक्ट्रिक पॅनेलं बनवणारा हा मध्यम आकाराचा कारखाना. शीअरिंग (पत्रा कापणं), पॉवर प्रेस, प्रेस ब्रेक (पत्रा वाकवणारं यंत्र), वेल्डिंग, पावडर कोटिंग आणि शेवटी असेंब्ली. कायम कामगार थोडे, ठेकेदाराकडचे जास्त. कायम असलेले बहुतेक डिगडोह, इसासनी, वानाडोंगरी या भागांत घरं करून राहिलेले. ठेकेदाराकडचे भंडारा-गोंदियाचे, शिवाय बालाघाट, शिवनी, छिंदवाडा आणि छत्तीसगडातून आलेले. असेंब्लीत बायका आहेत, त्या जवळपासच्याच वस्त्यांमधल्या. कारखान्याचं आणि माणसांचं नाव मी देणार नाही. जे घडलं ते अनेक ठिकाणी घडतं, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

कंपनीने कामगारांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण सुरू केलं ते एका मोठ्या ग्राहकाच्या तपासणीमुळे. तपासायला आलेल्यांनी विचारलं होतं: या प्रेसवर काम करणाऱ्या माणसाला कोणी शिकवलं, कधी शिकवलं, आणि तो शिकला हे तुम्हाला कशावरून कळलं? कंपनीकडे सह्यांचं रजिस्टर होतं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यात सापडत होती, तिसऱ्याचं कुठेच नव्हतं. मग मुख्य कार्यालयाने तयार धड्यांचं एक पॅकेज घेतलं. लिंक व्हॉट्सअॅपवर यायची, कामगाराने घरी आपल्या फोनवर धडा पाहायचा, शेवटी प्रश्न सोडवायचे. प्रत्येक सुपरवायझरवर आपापल्या लाइनची जबाबदारी टाकली आणि दर आठवड्याला किती टक्के झालं याचा तक्ता फिरू लागला. काही आठवड्यांतच सगळ्या लाइन शंभर टक्क्यांवर पोहोचल्या.

त्याच सुमारास सेफ्टी ऑफिसर प्रेस शॉपमध्ये फेरी मारत होते. एक ऑपरेटर डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, अडकलेला पत्र्याचा तुकडा हाताने ओढून काढताना त्यांना दिसला. मोटर त्याने बंद केली होती, फ्लायव्हील मात्र फिरत होतं. मेकॅनिकल पॉवर प्रेसमध्ये खरा धोका तिथेच असतो. वीज तोडली तरी त्या जड चाकात साठलेली ऊर्जा बराच वेळ शिल्लक राहते, आणि क्लच चुकून लागला तर वरचा डाय एका पूर्ण स्ट्रोकने खाली येऊ शकतो. चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची, वरच्या आणि खालच्या डायमध्ये आधाराचा ठोकळा लावायचा, आणि मगच हात आत घालायचा. त्या दिवशी काही झालं नाही. सेफ्टी ऑफिसरनी त्या माणसाची नोंद काढली, तर प्रेसच्या धड्यात त्याला पैकीच्या पैकी गुण होते.

या प्रशिक्षणात काय बिघडलं ते पाहायला मला बोलावलं गेलं ते यानंतर.

नोंदी काय सांगत होत्या

पहिलं काम म्हणून मी लॉगिनच्या नोंदी मागितल्या. अशा प्रत्येक प्रणालीत कोण, कधी, कुठल्या पत्त्यावरून आला आणि कुठलं पान उघडलं हे नोंदलेलं असतं. एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या एकाच क्रमांकावरून, बऱ्याच खात्यांची लॉगिन झालेली दिसली, आणि एचआरच्या मॅडमना तेवढ्यावरून फसवणूक सिद्ध झाली असं वाटलं. पण मोबाइल कंपन्या एकच पत्ता असंख्य ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे इसासनीतले दहा शेजारी प्रामाणिकपणे धडा पाहत असतील तरी पत्ता एकच दिसू शकतो. नुसत्या आयपीवरून कोणावर ठपका ठेवू नये, हे मी तिथे आग्रहाने सांगितलं आणि सगळीकडे सांगतो.

वेळांनी मात्र संशयाला जागा ठेवली नाही. चाळीस मिनिटांचा धडा दोन मिनिटांत संपलेला. एक खातं बंद झालं की मिनिटभरात दुसरं उघडलेलं, मग तिसरं, आणि हे सगळं एका रात्री ओळीने. प्रश्नांची उत्तरं त्याच क्रमाने, त्याच वेगाने. हे काम एकाच माणसाचं होतं.

तो सापडायला वेळ लागला नाही, कारण तो लपलाच नव्हता. असेंब्लीतला आयटीआय झालेला एक तरुण मुलगा. सगळे त्याच्याकडे आपला नंबर आणि पासवर्ड देत होते. सुपरवायझरनेच त्याला सांगितलं होतं, "भाऊ, शनिवारपर्यंत आपल्या लाइनचं करून टाक." त्याने पैसे घेतले नव्हते. मी विचारलं तर म्हणाला, "काकांना इंग्रजी वाचता येत नाही, मॅडम रोज ओरडून रायल्या, मंग म्या केलं."

कंपनीत त्याला मेमो द्यायची तयारी सुरू झाली होती. मी त्याला विरोध केला. त्या मुलाने जे केलं त्यातून कारखान्याला एक खरी गोष्ट कळली होती: कंपनीने टक्केवारी मागितली होती आणि तिला टक्केवारी मिळाली होती. मेमो दिला असता तर पुढच्या वेळी हेच काम जास्त हुशारीने, धड्यांमध्ये नीट अंतर ठेवून झालं असतं, आणि मग नोंदींतूनही काही कळलं नसतं. प्लांट हेडना हे पटलं. मेमो थांबला.

कामगाराच्या घरातून पाहिलं तर

पुढचे काही दिवस मी कॅन्टीनमध्ये आणि शिफ्ट सुटल्यावर गेटवर लोकांशी बोललो. ओटी (ओव्हरटाइम) धरून दिवसाचे बारा तास काम, मग सायकलने किंवा शेअर ऑटोने घर. घरात चांगला फोन बहुधा एकच, तो मुलांकडे. रोजचा डेटा दीड जीबी. त्या पॅकेजमधले व्हिडिओ पूर्ण एचडीत होते, म्हणजे सेकंदाला साधारण पाच मेगाबिट. चाळीस मिनिटांचा हिशोब केला तर बरोबर दीड जीबी होतो. एक धडा पाहिला की घराचं त्या दिवसाचं नेट संपलं. हा हिशोब मी मीटिंगमध्ये फळ्यावर मांडला तेव्हा खोलीत पहिल्यांदा सगळे गप्प बसून ऐकत होते.

असेंब्लीतल्या बायकांची अडचण वेगळीच निघाली. त्यांच्या खात्यांना जोडलेला मोबाइल नंबर बहुतेकींच्या बाबतीत नवऱ्याचा होता. नवरा दुसऱ्या कारखान्यात दुसऱ्या शिफ्टला. ओटीपी त्याच्या खिशातल्या फोनवर जायचा आणि ही घरी वाट पाहत बसायची. त्यांची नावं तक्त्यात "पूर्ण" होती. त्यांच्यातल्या कित्येकींनी धड्याचं पहिलं पानही पाहिलेलं नव्हतं.

धड्यांबद्दलही लोकांनी मोकळेपणाने सांगितलं. चित्रातला कारखाना परदेशी, प्रेस वेगळी, कंट्रोल पॅनेल वेगळं. आवाज हिंदीत होता पण पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत. एका वेल्डरने विचारलं, "हे आमच्यासाठी बनवलं का कोण्या दुसऱ्यासाठी?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याचा प्रश्न रास्त होता.

वेळ कोणाचा

आता या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. सॉफ्टवेअर कुठलं, व्हिडिओ किती लांब, हे सगळं नंतरचं. आधी ठरवायचं होतं की शिकण्याचा वेळ कोणाचा.

हे काम झालं तेव्हा लागू असलेला कारखाने अधिनियम, १९४८ याबाबत पुरेसा स्पष्ट होता. कलम ७अ मालकावर कामगारांच्या सुरक्षेसाठी लागेल ती माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवण्याचं कर्तव्य टाकत होतं. कलम १११अ तेच कामगाराच्या बाजूने हक्क म्हणून मांडत होतं: सुरक्षेचं प्रशिक्षण त्याला शक्यतो कारखान्यातच मिळावं. ही दोन्ही कलमं १९८७ च्या दुरुस्तीने आली. त्या दुरुस्तीमागे १९८४ चं भोपाळ होतं. शिवाय कलम २२ म्हणत होतं की चालू यंत्राची तपासणी किंवा वंगण यांसारखं काम करणं भागच असेल तर ते खास प्रशिक्षित माणसानेच करावं आणि त्याचं नाव नोंदवहीत असावं. म्हणजे कोणाला काय शिकवलं आहे याची नावनिशीवार नोंद ही ग्राहकाची हौस नव्हती, ते आधीपासून कायद्यातच होतं.

मी प्लांट हेडना सरळ सांगितलं की कंपनीचं कर्तव्य कामगाराच्या झोपेतून, त्याच्या फोनवर, त्याच्या डेटातून पार पाडता येणार नाही. धडा शिफ्टच्या आत, पगारी वेळेत झाला पाहिजे. ते चिडले नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि उत्पादन किती जाईल याचा हिशोब सुरू केला. मला ते आवडलं, कारण नुसतं "बघू" म्हणणाऱ्या माणसापेक्षा हिशोब करणाऱ्या माणसाशी पुढे जाता येतं.

माझी मागणी होती माणशी आठवड्याला एक छोटं सत्र, पाव तासाचं. प्रॉडक्शन मॅनेजरनी लगेच हात वर केले. मग आम्ही दोघं लाइनवर उभे राहिलो आणि वेळ कुठे वाया जातो ते पाहिलं. प्रेस शॉपमध्ये डाय बदलताना ऑपरेटर आणि हेल्पर नुसते उभे असतात, डाय सेटर काम करतो. पावडर कोटिंगमध्ये भट्टी तापेपर्यंत पहिल्या खेपेची माणसं मोकळी असतात. वेल्डिंगला असा नैसर्गिक खंड नव्हता. तिथे खरोखर उत्पादन थांबवावं लागणार होतं, आणि ते थांबवायला कंपनी तयार झाली. असेंब्लीत शिफ्टच्या सुरुवातीला पाव तास काढला. सगळ्या विभागांना एकच वार, एकच वेळ लावायचा एचआरचा आग्रह होता, तक्ता सुटसुटीत दिसतो म्हणून. तो सोडून द्यावा लागला.

सुपरवायझरच्या माथ्यावरचा टक्केवारीचा तक्ता त्याच मीटिंगमध्ये बंद झाला.

प्रणाली उभी करताना

आम्ही मूडल निवडलं. ऑनलाइन शिकवण्याची ही प्रणाली २००२ पासून आहे, मुक्त स्रोत आहे, परवान्याचे पैसे नाहीत आणि मराठी भाषेचा संच मिळतो. कंपनीत एकच आयटीवाला होता, मूडल ज्यांवर चालतं ते पीएचपी आणि डेटाबेस सांभाळायची त्याला सवय होती. त्याच्या हाताबाहेरचं काही घेऊन उपयोग नव्हता. सर्व्हर कारखान्यात ठेवायचा की भाड्याच्या क्लाउडवर, यावर थोडी चर्चा झाली. उन्हाळ्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि टाइम ऑफिसच्या (जिथे हजेरी ठेवतात) ज्या कोपऱ्यात सर्व्हर ठेवणार होते तिथे एसी नव्हता. क्लाउड ठरला.

बाकीच्या तांत्रिक गोष्टी पटकन सांगतो, पण दोन-तीन जागी थांबावंच लागेल, कारण तिथे काम अडतं.

पहिली जागा नावांची. टाइम ऑफिसकडून कामगारांची यादी एक्सेलमध्ये मराठीत आली. ती साध्या सीएसव्हीत साठवून चढवली की सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. फाइल साठवताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हा पर्याय निवडला की नावं जशीच्या तशी येतात. स्वतःचं नाव मराठीत, बरोबर दिसणं ही लोकांसाठी छोटी बाब नाही. टॅबलेटवर आपलं नाव वाचून एक हेल्पर शेजारच्याला बोलावून दाखवत होता.

दुसरी जागा ओळखीची, आणि ही खरी गुंतागुंतीची. आयटीवाल्याने खात्याचा नंबर म्हणून टोकन नंबर, म्हणजे कामावर घेताना टाइम ऑफिस देतं तो क्रमांक, घेतला होता. तो स्वाभाविक वाटतो. पण ठेकेदाराचा माणूस काम सोडून गेला की तेच टोकन पुढच्या माणसाला मिळतं. म्हणजे काल गावाला गेलेल्या माणसाचं प्रेसचं प्रशिक्षण आज नव्या आलेल्या पोराच्या नावावर दिसलं असतं. धोकादायक यंत्राच्या बाबतीत यापेक्षा वाईट नोंद असू शकत नाही. आधार क्रमांक घ्या, असं कोणीतरी सुचवलं. मी नको म्हटलं. प्रशिक्षणाच्या नोंदीसाठी खासगी कंपनीने तो साठवायचं काहीच कारण नाही, आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा पाहता जी माहिती लागतच नाही ती मागूही नये. भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी यूएएन चांगला होता, तो नोकरी बदलली तरी माणसासोबत राहतो, पण पहिल्यांदाच कामाला लागलेल्या मुलाकडे पहिल्या दिवशी तो नसतो. शेवटी प्रणालीचा स्वतःचा कायमचा क्रमांक दिला, जो माणूस गेला तरी दुसऱ्याला मिळत नाही. टोकन आणि यूएएन हे त्याखालचे रकाने.

तिसरी जागा पासवर्डची. मूडलमध्ये प्रत्येक खात्याला ईमेल लागतो आणि विसरलेला पासवर्ड ईमेलवरून बदलला जातो. इथे कोणाकडे ईमेल नव्हता. कंपनीच्या डोमेनवर नुसते नावापुरते पत्ते तयार केले, त्यांच्यावर मेल जाणं बंद ठेवलं, पासवर्डचे नियम सैल करून सहा आकडी पिन दिला, आणि पिन बदलून देण्याचा अधिकार टाइम ऑफिसच्या दोघांकडे ठेवला. एसएमएस पूर्णपणे वगळला. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो, देवनागरीत एका संदेशात सत्तरच अक्षरं मावतात, आणि तो जाणार नवऱ्याच्याच फोनवर. त्यापेक्षा हजेरीच्या यंत्राशेजारी छापील यादी लावली: या आठवड्यात कोणाचं सत्र, कुठल्या वारी. लोक ती वाचतात.

परीक्षेसाठी मूडलमधली एक सोय फार उपयोगी पडली. प्रश्नपत्रिका ठरावीक नेटवर्क पत्त्यावरूनच उघडेल अशी अट घालता येते. ब्रॉडबँडवाल्याकडून स्थिर आयपी पत्ता घेतला आणि परीक्षा फक्त कारखान्याच्या वायफायवर उघडू लागली. धडे मात्र बाहेरूनही पाहता येतात. कोणाला घरी पुन्हा पाहायचं असेल तर पाहू दे. टॅबलेट विभागवार ठेवले. पावडर कोटिंगचा टॅबलेट भट्टीजवळ तापून आपोआप बंद व्हायचा, म्हणून तो कॅन्टीनमध्ये कूलरसमोर हलवला आणि त्या विभागाची माणसं तिथे येऊ लागली.

धडे कोणी बोलायचे

पॅकेजचे धडे बाजूला ठेवले. आमचे धडे आमच्या यंत्रांवर, आमच्या माणसांनी बोललेले, असं ठरलं. चार मिनिटांच्या आसपास एक धडा, त्यात एकच काम. चित्र साध्या दर्जाचं ठेवलं, म्हणजे चार मिनिटांचा धडा वीसेक एमबीत बसतो. ज्याला घरी पाहायचा आहे त्याचं नेट संपत नाही.

प्रेसचा धडा कोणी बोलायचा यावर वाद नव्हता. प्रेस शॉपचे डाय सेटर, सगळे त्यांना काका म्हणतात. आयुष्य याच यंत्रांवर गेलेलं. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि एकदम शाळेतल्या पुस्तकासारखं बोलू लागले, "सर्वप्रथम यंत्राचा विद्युतपुरवठा खंडित करावा." दोन वाक्यांनंतर अडखळले. त्यांना म्हटलं, काका, नवीन पोराला रोज सांगता तसंच सांगा. मग ते म्हणाले, "आधी मोटर बंद कर. मंग थांब. चाक फिरून रायलं का ते पाय. चाक थांबल्याशिवाय हात आत नाई घालाचा, राजा. ठोकळा लाव, मंग घाल."

एचआरच्या मॅडमना हे शुद्ध मराठीत हवं होतं. ग्राहकाचे लोक पाहतील, कंपनीची प्रतिमा, वगैरे. त्यांचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं. पण ज्या माणसाचा हात वाचवायचा आहे त्याला ज्या बोलीत आयुष्यभर सावध केलं गेलं, त्याच बोलीत सांगितलेलं पोहोचतं, यावर मी हटलो नाही. काकांचे शब्द तसेच राहिले. हिंदी आवृत्ती बालाघाटच्या एका ऑपरेटरने बोलली, त्याच्या हिंदीत. तो असेंब्लीतला आयटीआयवाला मुलगा शूटिंग आणि संपादन करत होता. ओटी धरून त्याचा वेळ मोजला जाईल हे आधीच लिहून घेतलं होतं.

शॉपमधल्या आवाजाचा त्रास झाला. प्रेस चालू असताना चित्र घ्यायचं आणि बोलणं नंतर बंद खोलीत वेगळं रेकॉर्ड करायचं, असं करावं लागलं. धडा पाहतानाही तोच प्रश्न, म्हणून हेडफोन दिले आणि प्रत्येक पायरीवर मोठ्या अक्षरांत दोन-तीन शब्द टाकले.

प्रश्न बनवताना "खालीलपैकी योग्य पर्याय निवडा" या वळणाचे लांब मजकूर टाळले. आमच्याच प्रेसचा फोटो द्यायचा आणि विचारायचं, इथे हात घालू का? फोटोत मोटरचं बटण बंद, पण चाक फिरतंय. प्रश्न ऐकायची सोय ठेवली, कारण काही जणांना वाचायला वेळ लागतो आणि त्यांची वाचनाची परीक्षा घ्यायची नव्हती. आणखी एक केलं: तोच प्रश्न काही दिवसांनी आणि मग महिन्याने पुन्हा येतो. आठवून सांगायला लावलं की लक्षात जास्त राहतं, हे रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगांतून नीट दाखवलं आहे. पुन्हा वाचण्यापेक्षा पुन्हा आठवणं उपयोगी पडतं. पाव तासाच्या सत्रातली पहिली तीन-चार मिनिटं म्हणून जुन्या प्रश्नांना दिली.

यंत्रासमोरची खात्री

तरीही टॅबलेटवर बरोबर उत्तर देणारा माणूस यंत्रावर तेच करेल, याची हमी नाही. ग्राहकाच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर मिळणारच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या प्रशिक्षणाची जी मोहीम चालली तिची शिकवण्याची पद्धत चार पायऱ्यांची होती: माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर लक्ष ठेवा. कामगार शिकला नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही, हे तिचं ब्रीद. ऑनलाइन धडा यातल्या पहिल्या दोन पायऱ्या चांगल्या करतो. उरलेल्या दोन यंत्रासमोरच होतात.

म्हणून प्रत्येक धोकादायक कामाला प्रत्यक्ष पाहणीची छोटी यादी जोडली. ऑपरेटर काम करून दाखवतो, तपासणारा टॅबलेटवर खुणा करतो, आणि नोंद तीनपैकी एक होते: अजून करू नये, कोणी सोबत असेल तर करावं, एकट्याने करावं. तपासणारा मात्र त्याच लाइनचा सुपरवायझर असणार नाही, हा नियम मी लावून धरला. प्रेसवाल्याला प्रेस ब्रेकचा सेटर तपासतो, प्रेस ब्रेकवाल्याला काका. स्वतःच्या लाइनचे आकडे चांगले दिसावेत हा दबाव ज्याच्यावर आहे त्याच्याच हातात खूण करण्याचं पेन दिलं, तर मागचीच कथा पुन्हा घडली असती.

काकांनी पहिल्याच फेरीत दोन जुन्या, अनुभवी ऑपरेटरांना "सोबत असेल तर" या रकान्यात टाकलं. ते नाराज झाले. युनियनचे प्रतिनिधी विचारायला आले की यावरून कोणाचा पगार किंवा ग्रेड कापणार का. प्लांट हेडनी लेखी दिलं की या नोंदीचा पगाराशी संबंध जोडला जाणार नाही. ते पत्र सूचना फलकावर लागलं. त्यानंतर पाहणीला येणाऱ्यांचं अंग जरा सैल झालं. काही जण स्वतःहून म्हणू लागले की ठोकळा कुठे ठेवलेला असतो तेच मला माहीत नव्हतं. एका प्रेसजवळ तर ठोकळाच नव्हता. ही गोष्ट शंभर टक्के पूर्ण झालेल्या कुठल्याही तक्त्यात दिसली नसती.

गेटवरची ताणाताणी

ठेकेदाराचा नवा माणूस पहिल्या दिवशीच मशीनवर उभा राहतो, ही जुनी सवय. नवा नियम असा केला की सुरुवातीचे धडे आणि कारखान्याची फेरी झाल्याशिवाय टाइम ऑफिस टोकन देणार नाही. पहिल्याच सोमवारी दोन्ही ठेकेदार भांडायला आले: माणूस आज पाहिजे म्हणता आणि गेटवर बसवून ठेवता. त्यांचा खरा प्रश्न पैशांचा होता, त्या अर्ध्या दिवसाची हजेरी कोण देणार. कंपनी देईल असं ठरलं, तेव्हा वाद मिटला. इथेही पुन्हा तोच मुद्दा आला, शिकण्याच्या वेळेचे पैसे ज्याच्या कामासाठी शिकायचं त्याने द्यावेत.

काम सोडून जाणाऱ्या माणसाला त्याच्या प्रशिक्षणाचा छापील दाखला मिळावा, अशी मागणी कामगारांकडून आली. ठेकेदारांना ते नको होतं. दाखला घेऊन माणूस शेजारच्या कारखान्यात जास्त रोज मागेल, ही त्यांची भीती. माझं मत दाखला द्यावा असंच होतं, आणि कंपनीनेही तो द्यायचं ठरवलं. बुटीबोरीला गेलेल्या एका ऑपरेटरचा फोन नंतर आयटीवाल्याला आला होता, दाखल्यावरचं नाव सुधारून मिळेल का म्हणून.

आज काय आहे, काय नाही

अपघात इतके टक्क्यांनी घटले असं मी लिहिणार नाही. एका मध्यम कारखान्यात थोड्या काळात अपघातांची संख्या मुळात लहान असते, आणि तिच्यावरून ऑनलाइन प्रशिक्षणाला श्रेय देणं अप्रामाणिक ठरेल. जे दिसतं ते सांगतो. प्रेस शॉपमध्ये ठोकळे आता प्रत्येक यंत्राला साखळीने अडकवलेले आहेत, कारण पाहणीत ते नसल्याचं उघड झालं. तुकडा अडकला की चाक थांबेपर्यंत उभा राहणारा माणूस सुपरवायझरच्या शिव्या खात नाही. ग्राहकाची पुढची तपासणी झाली तेव्हा त्यांनी एका ऑपरेटरला यंत्राजवळ उभं करून करून दाखवायला सांगितलं, आणि त्याने ते ठोकळ्यासकट करून दाखवलं.

रात्रपाळीचं अजून जमलेलं नाही. तिथे तपासणारा सेटर नसतो, त्यामुळे रात्रपाळीतल्या कित्येकांचे धडे झाले आहेत पण यंत्रासमोरची पाहणी बाकी आहे. दर पंधरवड्याला एका सेटरला रात्री आणायचं आणि त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यायची, असा प्रस्ताव प्लांट हेडकडे आहे. छत्तीसगडी बोलणाऱ्या हेल्परांसाठी वेगळा आवाज हवा आहे, त्यासाठी राजनांदगावकडचा एक वेल्डर तयार झाला आहे. फोर्कलिफ्ट आणि ओव्हरहेड क्रेनचे धडे अजून शूट व्हायचे आहेत. तोवर ते दोन्ही चालवणाऱ्यांची पाहणी कागदावरच्या यादीने होते, आणि ती यादी टाइम ऑफिस दर शनिवारी प्रणालीत भरतं.